रेडीमेड वाटला पाहिजे

सदर बाजारातल्या त्या गल्लीत मुलगा झाला की पेढे वाटतात आणि मुलगी झाली की जिलेबी. जिलेबीचा पुडा दारात आला की लालबी एक तुकडा मोडून तोंडात टाकते, हात पदराला पुसते आणि विचारते, "वजन किती भरलं?"

बाकीच्या बायका विचारतात कुणावर गेलीय, रंग कसा, जावळ किती. लालबीला वजन पुरतं. वजनावरून तिला छातीचं माप कळतं, छातीवरून बाहीचं. मग आठवड्याच्या आत त्या घरी एक झबलं आणि एक टोपडं पोचतं. घर हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, काल भाड्यानं राहायला आलेल्या परक्याचं असो. फक्त मुलगी झालेली हवी. मुलग्यासाठी लालबीनं आजवर सुईत दोरा ओवलेला नाही.

"पोरांनी तुजं काय घोडं मारलंय गं?" समोरच्या अक्कांनी एकदा विचारलं होतं. अक्का सत्तरीच्या. दिवसभर उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकायचं, हे त्यांचं काम.

"पोरांना सगळीच आणत्यात की, अक्का. पोरीला कोण आणतंय?"

हे उत्तर गल्लीला पटलं. लालबीच्या हातून पुण्य घडतंय, असं लोक म्हणायला लागले आणि लालबीनं त्यांना तसं म्हणू दिलं. खरं उत्तर निराळं होतं, आणि ते उंबऱ्यावरून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

घरात पायमशीन आहे. गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं, परकर त्याच्यावर निघतात. झबल्याला मात्र ती मशीन लावत नाही. कापड जुनंच घ्यायचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं सुती लुगडं नाहीतर धोतर. टाके बारीक, आणि शिलाई सगळी बाहेरच्या बाजूला. दुमड बाहेर, दोऱ्यांची टोकंही बाहेर. तान्ह्या अंगाला लागेल असं आत काही ठेवायचं नाही. नव्या सुना हमखास फसतात. बँकेत नोकरीला असलेली एक सून झबलं परत घेऊन आली होती, "मावशी, घाईत उलटं शिवलंय वाटतं तुम्ही."

अक्का उंबऱ्यातनंच गरजल्या, "एवढी शिकलेली ना गं तू? तेच सुलटं हाय! उलटी आमची खोपडी, झबलं सुलटं!" पुढे आठवडाभर गल्लीतल्या पोरी एकमेकींना 'सुलटी हाईस का उलटी' असं विचारत होत्या.

आणखी एक गोष्ट लालबी पाळते. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी कापड कातरायचं नाही. शाहूवाडीकडच्या तिच्या माहेरात हे पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेत. पोटातल्या जिवाचं माप काढू नये, म्हणतात.

शबनूरच्या वेळीही तिनं कातरलं नव्हतं.

शबनूर लालबीची आणि बाबालालची एकुलती मुलगी. बाबालाल रिक्षा चालवतो. शाहूपुरीच्या स्टँडवर त्याला सगळे ओळखतात. शबनूरला शिरोलीला दिली होती. जावई मुजम्मिल एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. उंचापुरा, बोलायला कमी, पण बायकोला रविवारी गाडीवर बसवून रंकाळ्याला नेणारा. नववा महिना लागला तेव्हा शबनूर माहेरी आली. येताना म्हणाली होती, "अम्मा, तू तर काहीच शिवलेलं न्हाईस." लालबी म्हणाली, "तू मोकळी हो. दोन तासांत शिवती."

दवाखान्यात मुलगी झाली. थोड्या वेळानं नर्स घाईघाईनं बाहेर आली, बाळाचे कपडे द्या म्हणाली, आणि मुजम्मिलच्या हातात रक्तासाठी चिठ्ठी देऊन आत गेली. मुजम्मिल पळाला. बाबालाल त्याच्यामागं पळाला. लालबीनं पिशवीतनं आपलं जुनं लुगडं काढलं, दातानं कड तोडून टरकन फाडलं आणि तिथंच बाकावर बसून झबलं शिवायला घेतलं. सुईदोरा तिच्या पिशवीत कायम असायचा. एक बाही झाली. दुसऱ्या बाहीचे चार टाके उरले होते तेव्हा डॉक्टर बाहेर आले. ते काय बोलले ते तिनं सगळं ऐकलं. ऐकून तिनं ते चार टाके घातले, गाठ मारली, दोरा तोडला.

असं कसं तुला सुचलं, असं पुढे अनेकींनी विचारलं. ती सगळ्यांना एकच सांगायची. "पोरगी आत उघडी होती."

शबनूरमागं पाच महिने ती पोरगी लालबीकडे होती. वरचं दूध, पोटाची कुरकुर, मालिश, कुशी बदलणं. पाच महिन्यांत लालबीनं सतरा झबली शिवली. माप महिन्याला बदलत होतं. मग मुजम्मिलचं दुसरं लग्न ठरलं. तिशीही न गाठलेल्या माणसानं एकटं राहावं, असं लालबीलाही वाटत नव्हतं. मुलगी नाजिया नावाची, गडहिंग्लजकडची, गरीब घरातली. ती पोरीला सांभाळायला तयार होती.

लग्नाआधी शिरोलीची चार माणसं घरी आली. मुजम्मिलचे चुलते बोलायला हुशार. ते म्हणाले, "हे बघा भाबी, पोरीला आई एकच असावी. तिला समजू लागायच्या आत एकच असावी. दोन घरात फिरलेली पोरगी कुठल्याच घरची ऱ्हात न्हाय. नाजियाला पोटच्यावानी वाढवू दे. पोरगी मोठी झाली की सांगू की. आत्ता नगं."

सगळे लालबीकडे बघत होते. पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. चुलते वाईट बोलत नव्हते. त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना, हीच अडचण होती.

"पोरीला भेटाय न्हाय येणार मी," लालबी म्हणाली. एवढं पुरलं असतं. पण तिला वाटलं, आपलं बोलणं या लोकांना कच्चं वाटेल, रोज रडत दारात येणारी बाई वाटू आपण. म्हणून ती पुढे बोलली, "जबान देते."

जबान कुणी मागितली नव्हती.

पोरीचं नाव अल्फिया ठेवलं, हे तिला पुढे महिन्याभरानं शिरोलीच्या एका भाजीवाल्याकडून कळलं. पाच महिने ती तिला नुसतं 'बाळ' म्हणत आली होती.

शेजारी अवनी राहते, महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिलाही मुलगी झाली होती, अल्फियानंतर चारच दिवसांनी. तेव्हा लालबी कशातच नव्हती, त्यामुळे अवनीचं बाळ तिनं धड बघितलंही नव्हतं. अल्फिया गेल्यावर मात्र लालबीनं एके दिवशी अवनीच्या दारात उभं राहून विचारलं, "बाळाला जरा घेऊ का?" तिनं मुलीला उभं धरलं, काखेखालून वीत लावली, मानेपासून गुडघ्यापर्यंत वीत लावली, आणि चार दिवसांनी एक अंगडं आणून दिलं. सहाव्या महिन्याचं. त्याच मापाचं दुसरं अंगडं तिच्या पेटीत होतं.

तेव्हापासून हे सुरू झालं. अल्फियाच्या मापाचा अंदाज एकाच पोरीवरून कसा घ्यायचा, म्हणून लालबी गल्लीतल्या बाकीच्या पोरीही बघू लागली. कुठली अंगानं भरतीय, कुठली नुसती उंच होतीय, दुसऱ्या वर्षी पोट पुढे येतं का, तिसऱ्या वर्षी खांदे उतरतात का. प्रत्येक पोरीला काही ना काही शिवून द्यायची, कारण दिल्याशिवाय माप घेता येत नाही. प्रत्येक मापाचा एक कपडा पेटीत जायचा. सहा महिन्यांनी तो लहान होणार हे माहीत असायचं. लहान झाला की पेटीतनं बाहेर काढून कुणाच्या तरी धाकटीला देऊन टाकायची. लोकांना वाटायचं, बाईला देण्याचा नाद आहे.

एकदा अवनी फ्रॉक घालून बघत होती. लेक तिची नाजूक, किडकिडीत अंगाची. फ्रॉक घोट्यापर्यंत आला.

"मावशी, हा केवढा लांब झाला!"

"बाप उंच हाय तिचा," लालबी बोलून गेली.

अवनीचा नवरा तिच्यापेक्षाही दोन बोटं बुटका. अवनी हसायला गेली आणि थांबली. लालबी सुईतला दोरा उगीचच ओढत बसली. अवनीनं फ्रॉक खालून चार बोटं दुमडला, म्हणाली, "राहू दे. असाच राहू दे. वाढेल ती." त्यानंतर तिनं लालबीला कधी काही विचारलं नाही. महिन्याच्या महिन्याला मुलीला घेऊन स्वतःच यायची, "घ्या मावशी, उभी केली."

अशी चार वर्षं गेली.

परवाच्या रमजानमध्ये, विसावा रोजा असेल, बाबालाल भर दुपारी घरी आला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडून चालत आला, म्हणजे काहीतरी होतं.

"मुजम्मिल आलता स्टँडवर."

लालबी मशीनवर होती. तिनं पाय थांबवला. "पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की. त्येनंच इषय काढला. मामा, म्हनला, माज्या लई दिवस मनात हाय. ईदला अम्मांच्या हातचं एक कापड अल्फियाच्या अंगावर पडू दे."

लालबी उठली आणि परत बसली.

"बस, बस. ऐकून घे पुढचं," बाबालाल म्हणाला. "नाजियाला कळता कामा नये. तिला आता पोरगा झालाय, तरी अल्फियाला अजून कुशीत घेऊन निजवती. वाईट न्हाय ती. पण हिकडचं नाव निघालं की दोन दिवस तिचं जेवान जात न्हाय. तिला वाटतंय, पोरगी कोनीतरी घिऊन जाईल. मग मुजम्मिल म्हनला, मी दुकानातनं आनला म्हनून सांगतो."

"मग सांगू दे की."

"अगं, पन तसा दिसायला पायजे न्हवं! तुजं शिवान बघून शेंबडं पोरबी सांगंल घरातलं हाय म्हनून. रेडीमेड वाटला पायजे. गळ्याला लेबल पायजे. चमकतं कापड पायजे. पुठ्ठा घालून, पिशवीत घालून."

लालबीनं मान हलवली. तिच्या तोंडावर त्या दिवशी जे आलं, त्याला आनंद म्हणायला बाबालालला धीर होईना.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. आयुष्यभर सरळ टाके घालत आलेल्या बाईला आता आपला हात लपवायचा होता. शाहूपुरीतल्या दुकानांसमोर ती उभी राहून बाहेर टांगलेले फ्रॉक बघायची. साटीन, त्यावर जाळी, छातीला प्लास्टिकचं फूल. एका दुकानदारानं आत बोलावलं, तर म्हणाली, "न्हाय भाऊ, शिकायला आलीया." साटीनवर तिची सुई घसरायची. कडा इंटरलॉक करून आणायला ती आदर्शच्या दुकानात गेली. आदर्श ओळखीचा, थट्टेखोर.

"मावशी, तुम्ही आणि इंटरलॉक? आज सूर्य पंचगंगेतनं उगवला काय?"

"कर की गुमान. आणि टाके जरा वाकडे पडू देत. रेडीमेडला असत्यात तसे."

लेबल आणायला ती अवनीकडे गेली. "तुज्या लेकीचा एखादा जुना फ्रॉक हाय का गं, दुकानातला? नुसतं गळ्याचं लेबल पायजे." अवनीनं का म्हणून विचारलं नाही. कपाट उघडलं, एक फ्रॉक काढला, स्वतःच ब्लेड घेऊन लेबल उसवलं आणि कागदात गुंडाळून दिलं. लालबी पायऱ्या उतरेपर्यंत ती दारात उभी होती.

फ्रॉक झाला. डाळिंबी रंगाचा, घेरदार, हुबेहूब दुकानातला. शेवटी लेबल शिवलं. मग लालबीनं फ्रॉक उलटा करून गळ्याची ती कड आपल्या मानेवर घासून बघितली. लेबल कडक होतं. कोपरा टोचत होता. तिनं पेटीतनं मलमलचा एक तुकडा काढला आणि लेबलाखाली पानासारखा कापून बारीक टाक्यांनी लावला. पुन्हा मानेवर घासलं. आता काही लागत नव्हतं.

बाबालालनं फ्रॉक उजेडात धरला, फिरवून बघितला, शाबास म्हणाला आणि गळ्याशी थांबला.

"ह्ये काय?"

"मलमल. टोचतंय ते."

"रेडीमेडला असलं असतंय व्हय?"

लालबीनं बोटानं मलमलची कड सारखी केली.

"नाजिया खुळी हाय काय? हात लावल्या लावल्या कळंल तिला. एवढं सगळं केलंस, आन ह्या बोटभर चिंधीपायी..." त्याला तिच्याकडे बघवेना. "बघ बाई. तू म्हनशील तसं."

लालबीनं कात्री घेतली आणि घातलेले टाके एकेक करून काढले. मलमलचा तुकडा पुन्हा पेटीत ठेवला. फ्रॉकमध्ये पुठ्ठा घातला, चुरचुरीत पिशवीत घालून वर चिकटपट्टी लावली. पोरगी दिवसभर खेळणार, तिचं कशाला लक्ष जातंय, असं ती म्हणाली. बाबालालला म्हणाली की स्वतःला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ईदच्या दिवशी नमाज झाल्यावर बाबालाल दिसेनासा झाला. शीरखुर्मा निवून गेला. गल्लीतली पोरं येऊन ईदी घेऊन गेली, अक्कांनी वाडगं पाठवलं ते भरून परत गेलं, अवनी मुलीला घेऊन भेटून गेली. दुपार कलली तेव्हा तो आला, चपला काढल्या, आणि पाणी न पिताच खाटेवर बसला.

"कुठं गेलतासा?"

"शिरोलीला."

लालबीचा हात थांबला. "मी जबान दिलीया."

"तू दिलीयास. मी न्हाय," बाबालाल म्हणाला. "घरात न्हाय गेलो. समोर आइस्क्रीमच्या गाड्यावर हुबा ऱ्हायलो. तोंडाला रुमाल बांधून, चोरावानी. बास?"

ती जमिनीवर त्याच्या पायाशी बसली. "घातलावता?"

"घातलावता की! लई शोभत होता. समदी गल्ली बघत होती. अशी गिरकी घेतली तिनं, घेर नुसता..." त्यानं हातानं घेर दाखवला. हात हवेत तसाच राहिला.

"माप?"

"माप बराबर. गुडघ्याखाली दोन बोटं. खांद्याला बराबर."

"आन गळा?"

बाबालाल रुमाल घडी घालायला लागला. घडी झाली तरी घालतच राहिला.

"खरं सांगा."

"लेबल लागत हुतं," तो म्हणाला. "सारखी मान खाजवत हुती. मग रडाय लागली. मानेवर लालभडक वळ. नाजियानं तिला उंबऱ्यातच धरली आन उतरिवला फ्रॉक. म्हनली, रेडीमेडचं असंच असतंय, नुसता दिखावा. शेजारची एक पोरगी हुबी हुती, तिला दिला. तुला हुतोय का बघ, म्हनली. मग अल्फियाला जुना सुती फ्रॉक घातला. फुंकर घालत हुती गं मानेवर, बराच येळ." तो थांबला. "मुजम्मिल मागं हुबा हुता. त्यानं मला बघितलं आन आत गेला."

बाहेर कुणीतरी फटाकडी फोडली. अक्कांनी त्याला शिवी हासडली. माप बरोबर आलं होतं. चार वर्षं न बघितलेल्या पोरीचं माप दोन बोटांचाही फरक न पडता बरोबर आलं होतं, आणि हे सांगायला आता या घरात दुसरं कुणी नव्हतं.

"पुढच्या ईदला..." बाबालाल म्हणाला.

"पुढच्या ईदला कोन मागतंय," लालबी म्हणाली.

तेही खरं होतं. त्यानं मान खाली घातली. तिनं विचारलं, "रडताना बोलली काय ती? शब्द काय बोलली?"

"टोचतंय म्हनली."

"तसं न्हाय. ती कशी म्हनली तसं म्हना."

बाबालालनं तिच्याकडे बघितलं. साठीला आलेला माणूस, पान खाऊन बसलेला घसा. त्यानं खाकरून घसा मोकळा केला, आवाज जमेल तेवढा बारीक केला. "टोचतंय की गं मम्मी."

"'की'वर असा जोर दिला?"

"व्हय. हेल काढून. टोचतंय कीऽऽ."

"परत म्हना."

त्यानं परत म्हटलं. लालबी डोळे मिटून ऐकत होती. पाच महिन्यांची असताना पोरीला शब्द नव्हते, नुसता हुंकार होता. तिनं अजून एकदा म्हणायला लावलं, मग अजून एकदा. चौथ्या खेपेला बाबालालनं तोंड उघडलं, पण तो बारीक आवाज त्याला काही केल्या काढता येईना.